जालन्याचा तरुण फलंदाज

खेळांचा इतिहास लिहितांना लेखक बहुधा विजयाच्या बाजूनें चालतो. ज्याच्या हातीं अखेर चषक आला, ज्याचें नांव देशाच्या संघांत टिकलें, त्याचें चरित्र सविस्तर लिहिलें जातें. आणि जो अर्ध्या वाटेवर मागें राहिला त्याच्या वांट्यास आंकड्यांच्या कोष्टकांतील एखादी ओळ येते. पण इतिहासाचें काम केवळ जयजयकार करण्याचें नाहीं. एखादा गुण कोठें उगवला, कशानें वाढला, आणि पूर्ण फळास येण्यापूर्वीं कां थांबला, हें शोधणें हेंहि त्याचेंच काम होय. किंबहुना पुढें येणाऱ्यांना उपयोगी पडणारा भाग तोच. या दृष्टीनें, श्रोतेहो, आज आपणांपुढें जालना जिल्ह्यांतील एका तरुण क्रिकेटपटूची हकीकत ठेवणार आहें. त्यांचें नांव विजय हरि झोल.

जालना हें पहिल्यापासून व्यापाराचें गांव. कुंडलिका नदीच्या कांठीं वसलेल्या या शहराविषयीं ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यांत सर्वतोमुखी आहे. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं येथें महिको ही कंपनी काढल्यापासून बियाण्यांच्या धंद्यांत, आणि लोखंडी सळयांच्या कारखान्यांमुळें पोलादाच्या धंद्यांतहि, या गांवाचें नांव दूरवर गेलें. इतिहासालाहि ही भूमि अपरिचित नाहीं. समर्थ रामदासांचें जन्मगांव जांब या जिल्ह्यांत आहे. १८०३ च्या सप्टेंबरांत शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि वेलस्ली यांची गांठ जेथें पडली तें आसईहि याच जिल्ह्यांत. परंतु क्रिकेटच्या नकाशावर मात्र जालना बराच काळ कोरेंच राहिलें.

त्याचें एक कारण राज्यकारभाराच्या इतिहासांत सांपडतें. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. त्या संस्थानांत क्रिकेटला आश्रय नव्हता असें नाहीं. पण तो बहुतांशीं राजधानीपुरता होता. मोइनुद्दौला सुवर्णचषकाचे सामने तिकडे होत आणि नामांकित खेळाडू त्यासाठीं येत. गोदावरीच्या खोऱ्यांतील तालुक्यांपर्यंत त्याचा लाभ क्वचितच पोंचे. पुढें १९५६ सालीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्र राज्यांत आला, तेव्हां या भागाच्या क्रिकेटचें केंद्र पुणें हें झालें. प्रा. देवधर यांच्या नेतृत्वाखालीं १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोन हंगाम रणजी चषक जिंकणाऱ्या महाराष्ट्र संघाची परंपरा पुण्याभोंवतीं वाढलेली. जालन्याच्या मुलास त्या परंपरेंत शिरावयाचें, तर सुमारें तीनशें किलोमीटरांचा प्रवास पुनःपुन्हां करून, मोठ्या शहरांतील क्लबांत लहानपणापासून खेळलेल्या मुलांच्या बरोबरीनें उभें राहणें प्राप्त होतें. स्वतंत्र जालना जिल्हाच मुळीं १ मे १९८१ रोजीं अस्तित्वांत आला, हें लक्षांत घेतलें म्हणजे ही वाट किती नवी होती याची कल्पना येते.

विजय झोल यांचा जन्म २३ नोव्हेंबर १९९४ रोजीं जालना येथें झाला. डाव्या हातानें खेळणारे हे फलंदाज वयोगटांच्या सामन्यांतून एक एक पायरी चढत महाराष्ट्राच्या एकोणीस वर्षांखालील संघांत आले. या वयाच्या खेळाडूंची भारतांतील मुख्य स्पर्धा म्हणजे कूचबिहार चषक. २०११-१२ च्या हंगामांत, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षाच्या आसपास, झोल यांनीं या स्पर्धेंत आसामविरुद्ध एका डावांत नाबाद ४५१ धांवा केल्या. आदल्या दिवसापर्यंत ज्यांचें नांव जिल्ह्याबाहेर थोड्यांनाच ठाऊक होतें, ते दुसऱ्या दिवशीं देशभरच्या वृत्तपत्रांत आले.

ज्यांचा या खेळाशीं नित्याचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं या आंकड्याचा अर्थ थोडा उलगडून सांगणें अवश्य आहे. गोलंदाजाचा एक चेंडू वाईट पडला तर पुढच्या चेंडूवर त्याला तो सुधारतां येतो. फलंदाजाला ही सवलत नाहीं. त्याची पहिली चूक हीच शेवटची ठरते. शतक झाल्यावर मन सैल पडतें, द्विशतकानंतर पाय जड होतात, आणि त्रिशतकानंतर तर आतां पुष्कळ झालें असें स्वतःचेंच शरीर सांगूं लागतें. त्या सर्वांना न जुमानतां पुन्हां शून्यावर असल्याप्रमाणें पुढचा चेंडू पाहणें, ही केवळ मनगटाची शक्ति नव्हे. ती चित्ताची एकाग्रता होय. कोंवळ्या वयांत ती क्वचित् दिसते, आणि म्हणूनच जाणकारांचें लक्ष त्या आंकड्यानें वेधून घेतलें.

शिवाय क्रिकेटच्या इतिहासांत या आंकड्याला दोन थोर शेजारी आहेत. डॉन ब्रॅडमन यांनीं जानेवारी १९३० मध्यें सिडने येथें क्वीन्सलंडविरुद्ध नाबाद ४५२ धांवा केल्या होत्या. आणि डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध खेळतांना भाऊसाहेब निंबाळकर यांनीं नाबाद ४४३ धांवा केल्या. ब्रॅडमन यांचा त्या वेळचा जागतिक उच्चांक अवघ्या नऊ धांवांवर आला असतांना काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनीं पुढें खेळण्याचेंच नाकारलें. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धांवा झाल्या होत्या, आणि आपल्या संघाची आणखी शोभा होऊं देण्याची त्यांची तयारी नव्हती. सामना तेथेंच संपला. पहिल्या प्रतीच्या क्रिकेटमध्यें भारतीयानें केलेली सर्वांत मोठी धांवसंख्या म्हणून निंबाळकरांचा तो डाव आजहि अबाधित आहे. झोल यांचा डाव युवकांच्या सामन्यांतील असल्यामुळें त्याची गणना त्या यादींत होत नाहीं, आणि होऊंहि नये. परंतु एका बाजूस ब्रॅडमन एका धांवेनें पुढें आणि दुसऱ्या बाजूस निंबाळकर आठ धांवांनीं मागें, अशा जागीं जालन्याचा एक मुलगा क्षणभर उभा राहिला, ही गोष्ट मराठवाड्यानें विसरण्यासारखी नाहीं.

यानंतरचीं दोन वर्षें म्हणजे अखंड चढण होती. २०१२ सालीं ऑस्ट्रेलियांत झालेल्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकासाठीं उन्मुक्त चंद यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघांत झोल यांची निवड झाली. २६ ऑगस्ट २०१२ रोजीं टाउन्सव्हिल येथें भारतानें ऑस्ट्रेलियाला हरवून तो चषक जिंकला. पुढच्या वर्षीं युवक संघाचें कर्णधारपदच झोल यांच्याकडे आलें. जुलै २०१३ मध्यें डार्विन येथील तिरंगी स्पर्धा त्यांच्या संघानें जिंकली. त्याच वर्षाच्या हिंवाळ्यांत महाराष्ट्राच्या वरिष्ठ संघाकडून रणजी सामन्यांत पदार्पण करतांना त्यांनीं त्रिपुराविरुद्ध द्विशतक केलें. आणि ४ जानेवारी २०१४ रोजीं शारजा येथें आशिया चषकाच्या अंतिम सामन्यांत पाकिस्तानविरुद्ध झोल आणि संजू सॅमसन या दोघांनींहि प्रत्येकीं शंभर धांवा केल्या. भारतानें ३१४ धांवा उभारून तो सामना ४० धांवांनीं जिंकला. जालन्याच्या तरुणानें भारताच्या युवक संघाचें नेतृत्व करावें आणि अंतिम सामन्यांत शतकहि करावें, हा त्या जिल्ह्याच्या क्रीडेतिहासांतील परमोच्च दिवस मानला पाहिजे.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आंतच चित्र पालटलें. फेब्रुवारी २०१४ मध्यें संयुक्त अरब अमिरातींत युवकांचा विश्वचषक झाला. गतविजेता म्हणून भारताकडे सर्वांचे डोळे होते. उपांत्यपूर्व फेरींत, २२ फेब्रुवारी रोजीं, दुबई येथें इंग्लंडशीं गांठ पडली. आरंभींच भारताचे गडी झपाट्यानें बाद झाले. कर्णधार झोल आणि दीपक हुडा यांनीं डाव सांवरला. पण धांवसंख्या पुरेशी झाली नाहीं आणि इंग्लंडनें तीन गडी राखून सामना जिंकला. चषक पुढें दक्षिण आफ्रिकेकडे गेला. एक सामना हरला, इतकेंच वस्तुतः घडलें होतें. परंतु युवकांच्या क्रिकेटमध्यें एकदां वयाची मर्यादा ओलांडली कीं मागें परतण्याची वाट नसते. त्याच वर्षीं इंडियन प्रीमियर लीगमध्यें रॉयल चॅलेंजर्स बंगळूर संघाकडून खेळण्याची संधि झोल यांना मिळाली, महाराष्ट्राकडूनहि ते खेळले. पण पदार्पणाचा तो वेग पुढें टिकला नाहीं, आणि वरिष्ठ भारतीय संघाचें दार त्यांच्यासाठीं उघडलें नाहीं. त्यांच्याच हाताखालीं त्या विश्वचषकांत खेळलेले सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव, दीपक हुडा, आवेश खान आणि सरफराज खान हे सहा जण कालांतरानें भारताच्या वरिष्ठ संघांत आले. कर्णधार मात्र मागें राहिला.

हें वाचून कोणी म्हणेल कीं यांत दोष त्या तरुणाचाच असावा. पण हा निवाडा करण्यापूर्वीं त्याच्या आधींच्या कर्णधारांकडे दृष्टि टाकावी. २००६ च्या युवक विश्वचषकांत रविकांत शुक्ल, २००८ मध्यें विराट कोहली, २०१० मध्यें अशोक मेनारिया, २०१२ मध्यें उन्मुक्त चंद आणि २०१४ मध्यें विजय झोल असे पांच कर्णधार भारतानें निवडले. या पांचांपैकीं वरिष्ठ भारतीय संघांत एकटे कोहलीच खेळले. अंतिम सामन्यांत नाबाद १११ धांवा करून चषक घरीं आणणारे उन्मुक्त चंदहि पुढें क्रिकेटसाठीं अमेरिकेस गेले. पांचांपैकीं चौघे जेथें थांबतात, तेथें केवळ चौघांच्या उणीवा शोधून भागत नाहीं. वाटेचीच परीक्षा करावी लागते.

ही परीक्षा करण्यास दुसऱ्या एका देशाची तुलना फार उपयोगी पडेल. तो देश अफगाणिस्तान. जालना जिल्ह्याचा अफगाणांशीं संबंध इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे. १७६० च्या आरंभीं उदगीरचा विजय मिळवून सदाशिवरावभाऊ परतूर येथें आले, आणि अहमदशहा अब्दालीशीं सामना करण्यासाठीं उत्तरेची मोहीम तेथूनच निघाली. तें परतूर आज जालना जिल्ह्याचा एक तालुका आहे. अडीचशें वर्षांनंतर दोन्हीकडील तरुण पुन्हां एका रणांगणावर आले, पण तें चेंडूफळीचें. २०१४ च्या ज्या विश्वचषकांत झोल भारताचे कर्णधार होते, त्याच स्पर्धेंत अफगाण मुलांनीं ऑस्ट्रेलियाला हरवून सर्वांना थक्क केलें आणि उपांत्यपूर्व फेरी गांठली.

या अफगाण पिढींतील एका खेळाडूचें चरित्र झोल यांच्या चरित्राशेजारीं ठेवण्यासारखें आहे. हश्मतुल्ला शाहिदी यांचा जन्म लोगर प्रांतांत ४ नोव्हेंबर १९९४ रोजीं झाला. म्हणजे झोल यांच्यापेक्षां ते अवघ्या एकोणीस दिवसांनीं मोठे. दोघेहि डावखुरे, दोघेहि संयमानें डाव बांधणारे. त्यांच्या देशांत युद्ध चाललेलें. पेशावरकडील निर्वासितांच्या छावण्यांत त्यांच्याआधींच्या मुलांनीं हा खेळ उचलला आणि मायदेशीं नेला. स्वतःचें सुरक्षित मैदान नसल्यामुळें शारजा, ग्रेटर नॉयडा, डेहराडून, लखनौ अशा परक्या गांवांना आपलें घर मानून हा संघ खेळला. तरीहि शाहिदी वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या आंतच, २०१३ सालीं, आपल्या देशाकडून आंतरराष्ट्रीय सामन्यांत उतरले.

पुढें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. २०१७ सालीं अफगाणिस्तानला कसोटी खेळण्याचा अधिकार मिळाला. जून २०१८ मध्यें बंगळूर येथें भारताविरुद्धचा त्यांचा पहिला कसोटी सामना दोन दिवसांतच संपला. एक डाव आणि २६२ धांवांनीं त्यांचा पराभव झाला. त्या पडझडींत दुसऱ्या डावांत शेवटपर्यंत नाबाद राहिलेला फलंदाज शाहिदी हाच होता. दुसऱ्या एखाद्या देशांत अशा पराभवानंतर निम्मा संघ बदलला असता. अफगाणिस्तानपाशीं बदलावयास दुसरे खेळाडू थोडे होते. म्हणून त्यांनीं आहेत त्यांनाच वेळ दिला. मार्च २०२१ मध्यें अबुधाबी येथें झिंबाब्वेविरुद्ध शाहिदी यांनीं नाबाद २०० धांवा केल्या. अफगाणिस्तानच्या कसोटी इतिहासांतील तें पहिलें द्विशतक. पदार्पणापासून तेथवर येण्यास सात वर्षांहून अधिक काळ लागला होता. ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं विश्वचषकांत ते अफगाण संघाचे कर्णधार म्हणून पुण्याजवळील गहुंजे येथें उतरले आणि श्रीलंकेवर सात गडी राखून विजय मिळवितांना स्वतः नाबाद ५८ धांवा केल्या. तें मैदान महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचें. ज्या संघटनेच्या संघाकडून झोल यांनीं आपलें द्विशतक केलें होतें तिचेंच. आणखी एका वर्षानें, डिसेंबर २०२४ मध्यें, बुलावायो येथें शाहिदी यांनीं २४६ धांवांचा डाव रचला, तेव्हां त्यांनीं वयाचीं तीस वर्षें पुरीं केलीं होतीं.

दोघांच्या गुणांत कोण सरस होता, हा प्रश्न मी येथें उपस्थित करीत नाहीं. सतराव्या वर्षीं पाहणाऱ्यास कदाचित् जालन्याचाच मुलगा पुढें वाटला असता. फरक आहे तो संधीच्या मापांत. २०१३-१४ मध्यें रणजी स्पर्धेंत सत्तावीस संघ खेळत होते. म्हणजे एका वेळीं जवळ जवळ तीनशें खेळाडू मैदानावर, आणि भारताच्या संघांत जागा अकरा. ज्याचे दोन हंगाम मध्यम गेले त्याची जागा घेण्यास दहा जण उभे. अफगाणिस्तानला आपल्या प्रत्येक होतकरू मुलाची गरज होती; आपल्याकडे गरज भागून उरेल इतकी गुणांची रेलचेल आहे. आणि विपुलता ही माणसाला निष्काळजी बनविते. ज्या शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी थोडें तो एक एक रोप जपतो. ज्याच्या शेतांतून कालवा वाहतो तो वाफे फुटले तरी वळून पाहत नाहीं. कच्च्या वयांतील गुण पिकण्यास वेळ लागतो, आणि हा वेळ म्हणजे घरीं बसून काढलेला काळ नव्हे; योग्य दर्जाच्या प्रतिस्पर्ध्याशीं, सतत, अपयशाची भीति न बाळगतां खेळावयास मिळालेला काळ होय. तो शाहिदींना मिळाला. आपल्याकडे तो फार थोड्यांना मिळतो. आणि ज्यांच्यामागें मोठें शहर, जुना क्लब, रोजचें मैदान आणि चार ओळखीचीं माणसें आहेत, त्यांना पहिल्या अपयशानंतर परत येण्यासाठीं निदान एक पायरी तरी खालीं असते. जिल्ह्यांतून आलेल्या मुलाला ती बहुधा नसते. तो वर चढतांना एकटा असतो आणि घसरतांनाहि एकटा.

येथें भाऊसाहेब निंबाळकरांचें स्मरण पुन्हां होतें. ४४३ धांवा करणारा हा कोल्हापूरचा वीर भारताकडून अधिकृत कसोटी सामना एकहि खेळला नाहीं. ११ डिसेंबर २०१२ रोजीं, आपल्या त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीं, ते निवर्तले. पण म्हणून त्यांचा डाव पुसला गेला काय? महाराष्ट्रांतील क्रिकेटचा इतिहास त्यांच्याशिवाय लिहितां येत नाहीं. देशाचा संघ हें एक माप आहे. तें एकमेव माप नव्हे. एखाद्याच्या खेळानें त्याच्या गांवच्या मुलांना कोणती गोष्ट शक्य वाटूं लागली, हें दुसरें माप आहे, आणि इतिहासाच्या तराजूंत तें हलकें नाहीं.

या मापानें पाहतां मराठवाड्याचें चित्र आशादायक आहे. औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरचे, इक्बाल सिद्दिकी २००१ सालीं मोहाली येथें इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळले. बीडमध्यें जन्मलेले संजय बांगर रेल्वेच्या संघांतून भारताच्या संघांत गेले. झोल यांच्यानंतर तर ही वाट रुंदावलीच. २०२२ सालीं युवक विश्वचषक जिंकणाऱ्या संघांत तुळजापूरचे राजवर्धन हंगरगेकर होते. ६ फेब्रुवारी २०२४ रोजीं बेनोनी येथें दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या उपांत्य सामन्यांत बीडच्या सचिन धस यांनीं ९६ धांवा करून, हातचा गेलेला सामना कर्णधार उदय सहारन यांच्या साथीनें परत आणला. जालना, तुळजापूर, बीड हीं नांवें आतां निवड समितीच्या कानांना परकीं राहिलेलीं नाहींत. एकाच्या मागून दुसरा येतो तो पहिल्याच्या पाउलांवर पाऊल ठेवून येतो, हें दुसऱ्यास ठाऊक नसलें तरी खरें असतें.

तेव्हां, श्रोतेहो, जिल्ह्याजिल्ह्यांतून आतां अशीं मुलें निघत राहणार, याविषयीं शंका नको. प्रश्न आहे तो त्यांना अठराव्या वर्षीं डोक्यावर घेणाऱ्या आणि बाविसाव्या वर्षीं विसरणाऱ्या आपल्या वृत्तीचा. मुलाच्या पहिल्या पराक्रमावर मिरवणूक काढणें सोपें आहे. त्याच्या पहिल्या अपयशानंतर त्याच्यासाठीं गांवांत एक चांगली खेळपट्टी, एक जाणता शिक्षक आणि हंगामभर पुरेसे सामने राखून ठेवणें हें अवघड आहे, आणि तेंच अधिक अगत्याचें आहे. शाळेंत, तालुक्याच्या मैदानावर, जिल्हा संघटनेच्या बैठकींत ज्यांच्या हातीं हें काम असेल त्यांनीं ४५१ हा आंकडा अभिमानानें तर लक्षांत ठेवावाच. पण त्यापुढें त्या मुलाला किती वेळ मिळाला, हा हिशेबहि त्याच्याशेजारीं लिहून ठेवावा.